मधला चेंडू कुणाचा

१

मावशी ओरडल्या तेव्हा मी चषकावरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसत होते. खरं तर हे माझं काम नव्हे. मी स्पर्धेची संचालक आहे, पुसापुशीला माणसं आहेत. पण काळजी लागली की माझ्या हातांना काहीतरी चाळा लागतो, आणि अंतिम सामन्याच्या सकाळी मला काळजी लागलेली नसेल तर खुशाल डॉक्टरला बोलवावं. टेनिसच्या महिला दुहेरीची ही हंगामातली शेवटची स्पर्धा. वर्षभर उत्तम खेळलेल्या निवडक जोड्या येतात, एक जिंकते, बाकीच्या हसरा चेहरा करून टाळ्या वाजवतात आणि सगळ्या घरी जातात. मी घरी गेले की आठवडाभर नुसती झोपते.

खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत पोहोचले तर मावशी, म्हणजे ती खोली सांभाळणाऱ्या बाई, गालावर हात ठेवून उभ्या होत्या. समोर बाकावर थोरलीची लांबलचक बॅग उघडी होती. आत सहा रॅकेट होत्या आणि सहाही रॅकेटच्या तारा कापलेल्या होत्या. पिवळ्या तारांची टोकं चौकटीबाहेर लोंबत होती.

"मी नुसते टॉवेल ठेवायला आले हो," मावशी म्हणाल्या. "चेन उघडी दिसली म्हणून लावायला गेले. देवाशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही."

 दुपारी अंतिम सामना, तिकिटं संपलेली, आणि गावभरच्या भिंतींवर जिचा फोटो आहे तिच्या रॅकेटची ही दशा.

थोरली आणि धाकटी बहिणी नाहीत. अकरा हंगाम एकत्र खेळतात म्हणून सगळे त्यांना तसं म्हणतात. धाकटी तिला ताई म्हणते, तिच्याच ताटातलं खाते, तिच्यावरच चिडते. थोरलीचे वडील रॅकेटला तारा बांधायचे. लहानपणी ती दुकानात यंत्राशेजारी चटईवर झोपायची, हे तिने प्रत्येक मुलाखतीत सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी ते ऐकताना मला बरं वाटलं आहे.

ती शेजारच्या उपचाराच्या खोलीतून आली. हातात चहाचा कप होता, दोन्ही हातांनी धरलेला. तिने बॅगेत पाहिलं, कप बाकावर ठेवला आणि बसली.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात सुरक्षावाले साहेब आले. या गृहस्थांना कधी कुठला गुन्हा सापडलाच नव्हता, त्यामुळे आज त्यांच्या अंगात भलताच उत्साह होता. मावशींना पुढे घालून त्यांनी सगळ्या बाकांवरच्या वस्तू तपासल्या. धाकटीच्या बाकावर बोटांना लावायच्या चिकटपट्ट्यांची कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी लाल मुठीची एक कात्री काढली आणि उजेडात धरली.

कात्रीच्या सांध्यात पिवळ्या तारेचा तंतू अडकला होता.

२

"आत्याला बोलवा," मी म्हणाले.

आत्या म्हणजे आमच्या मुख्य पंच. आयुष्यभर पंचाच्या उंच खुर्चीवर बसून त्यांनी खेळाडूंच्या दोन पिढ्यांना दटावलं आहे, म्हणून त्या सगळ्यांच्या आत्या. आता गुडघे दुखतात, खुर्चीवर चढवत नाही. नजर मात्र अजून तशीच आहे. माझी साडी कुठे चुरगळली आहे ते त्यांना माझ्या आधी कळतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. त्या खोलीत पुरुषांना मज्जाव. दारावरचा पहारेकरी सांगत होता की सकाळपासून आत गेल्या त्या थोरली, धाकटी, मावशी आणि समोरच्या जोडीतली उंचाडी. उंचाडीची जोडीदार पहाटेपासून मैदानावर सर्व्हिस घोटत होती. कात्री धाकटीची. काल संध्याकाळी धाकटीचं आणि थोरलीचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते अर्ध्या इमारतीने ऐकलं होतं. मग आता शोधायचं काय राहिलं?

"शिस्तपालन समितीला फोन करावा लागेल," साहेब म्हणाले. "जोडीदाराच्या साधनांची नासधूस. निदान दोन वर्षांची बंदी. सामना समोरच्या जोडीला बहाल."

 दोन वर्षं म्हणजे धाकटीच्या वयाला सगळं संपल्यातच जमा. आणि बंदी उठली तरी, जिने आपल्याच ताईच्या तारा कापल्या तिच्याशी जोडी करणार कोण?

"ती नाही," थोरली एकदम म्हणाली. "तिने नाही केलं."

"मग कुणी?" साहेबांनी विचारलं.

थोरली खाली पाहत राहिली. "एवढंच सांगते. ती नाही."

 आत्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "सरावाची वेळ संपेपर्यंत फोन करू नकोस. समिती काही पळून जात नाही."

"आत्या, उशीर केला म्हणून माझ्यावर बालंट आलं तर?"

"तर माझं नाव सांग. त्या समितीतल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी ताकीद दिलेली आहे."

३

धाकटी पत्रकारांच्या रिकाम्या दालनात येरझाऱ्या घालत होती. आम्हाला पाहताच ती उसळली.

"कात्री माझी आहे! आहेच माझी! पण ती अख्खी खोली वापरते. मावशी तिने दोरे कापतात. उंचाडीने काल तिने केसांची बट कापली. मी कधी कुणाला नाही म्हटलंय का?"

"बस आधी," आत्या म्हणाल्या.

ती बसली, आणि बसल्या बसल्या रडायला लागली. मैदानावर रॅकेट आपटणारी ही मुलगी. आजवर आमच्या स्पर्धेत तिने निदान चार चौकटी मोडल्या आहेत, आणि प्रत्येकीचा दंड माझ्याच सहीने झाला आहे.

"काल भांडण कशावरून?" आत्यांनी विचारलं.

धाकटीने बाहीने नाक पुसलं. "ती म्हणाली, मी हावरट झालेय. मधला प्रत्येक चेंडू मीच खाते. म्हणाली, एवढीच हौस असेल तर पुढच्या वर्षी दुसरी जोडीदार बघ."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. दुहेरीत दोघींच्या मधोमध येणारा चेंडू हा सगळ्या भांडणांचं मूळ. तो कुणी घ्यायचा हे आधी ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर दोघी एकमेकींकडे बघत राहतात आणि चेंडू निघून जातो. थोरली डाव्या बाजूला उभी राहते, उजव्या हाताने खेळते, म्हणजे मधला चेंडू तिच्या जोरकस बाजूला येतो. त्यामुळे तो तिचा, हे त्यांच्यात अकरा वर्षांपूर्वीच ठरलेलं.

"आणि खातेस का खरंच?" आत्यांनी विचारलं.

धाकटीने मान फिरवली. "सवय लागलीय," ती पुटपुटली. थोड्या वेळाने म्हणाली, "ती कशी आहे? काही खाल्लं का तिने?"

बाहेर आल्यावर मी आत्यांना म्हणाले, "मला ही पोरगी खरी वाटते."

"तुला सगळ्याच खऱ्या वाटतात," आत्या म्हणाल्या. "म्हणून तुला पंच केलं नाही."

उंचाडी व्यायामाच्या खोलीत पाय ताणत जमिनीवर बसली होती. तिथे बसूनही ती माझ्या कमरेला येत होती. तिला बातमी कळलीच होती.

"माझ्यावर संशय असेल तर उघड बोला," ती म्हणाली. "मी सकाळी आत गेले होते, केस बांधले, बाहेर आले. थोरली तेव्हा तिथेच बसली होती. 'झोप लागली का' असं विचारलं तिने मला. मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही लागली."

"पुढच्या वर्षी धाकटीने तुझ्याबरोबर खेळावं म्हणून तू तिच्या मागे लागली आहेस, खरं ना?" मी विचारलं.

"लागलेच आहे. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. ताईला सोडणार नाही म्हणे. मग तिच्या पिशवीत कात्री टाकून, तिला बदनाम करून मला काय मिळणार? दोन वर्षं बंदी असलेली जोडीदार?" तिने दुसरा पाय ताणला. "आणि तारा कापणारा माणूस मूर्ख असला पाहिजे. इमारतीत तारवाला बसलेला आहे. दुपारपर्यंत सगळ्या परत बांधून मिळतील. मला थोरलीला खरंच अडवायचं असतं तर मी तिचे बूट पळवले असते. नव्या बुटात अंतिम सामना खेळून दाखवावा कुणीही."

आत्या दारातच थबकल्या. "परत बोल."

"काय, बूट?"

"नाही. त्याच्या आधीचं."

४

तारवाल्याची खोली जिन्याखाली आहे. एक यंत्र, एक दिवा आणि भिंतीभर तारांची रिळं. आम्ही गेलो तेव्हा थोरलीच्या रॅकेट त्याच्याकडे पोहोचल्या होत्या. तो एकेक रॅकेट उचलून, एक डोळा मिटून, चौकटीच्या कडेवरून नजर टाकत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"चौकट वाकलीय का बघतो. तारा कापलेल्या दिसल्या की पहिलं हेच बघायचं. तारा इतक्या ताणलेल्या असतात की कुणी एका बाजूने कापत गेलं तर चौकट दुसऱ्या बाजूला ओढली जाते. पीळ बसतो. मग त्या रॅकेटने डास मारायचे." त्याने शेवटची रॅकेट खाली ठेवली. "पण या सहाही सरळ आहेत. कापणाऱ्याने मधून सुरुवात केलीय, बघा. मधली उभी, मग मधली आडवी, मग तिच्या शेजारची. मधून बाहेर, सगळीकडून ताण सारखा उतरवत. आम्ही कापतो तसं."

"म्हणजे तूच कापल्यास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तारवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, मी कापल्या असत्या तर टोकं अशी कुरतडल्यासारखी दिसली नसती. माझ्याकडे पक्कड आहे. हे बोथट कात्रीचं काम आहे. आणि काल रात्री बांधलेल्या सहा रॅकेट मी सकाळी स्वतःच कापीन, परत बांधीन? मला घरदार आहे."

"आता कितीचा ताण लावणार आहेस?" आत्यांनी सहज विचारलं.

तो गप्प झाला. "तिने सांगितलेला."

"तोच, काल होता तो?"

"हो."

"किती?"

"आत्याबाई, ते विचारू नका. तारेचा ताण खेळाडू आणि मी, दोघांतच राहतो. जोडीदारालासुद्धा सांगत नाही. आणि हिने तर मला शप्पथ घातलीय." शप्पथेचा उल्लेख करायला नको होता हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि तो उगाचच रीळ उलगडायला लागला.

जिना चढताना माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. आत्या मात्र प्रत्येक पायरीवर गुडघ्याला शिव्या देत मजेत चढत होत्या.

"दोन गोष्टी झाल्या," त्या म्हणाल्या. "एक, कापणाऱ्याला सामना थांबवायचा नव्हता, कारण तारा परत बांधून मिळणार हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दोन, कापणाऱ्याला त्या रॅकेटची माया होती. राग असता तर एका फटक्यात काम झालं असतं. धाकटी कशी वागते रॅकेटशी, तू पाहतेसच. तिने कात्री चालवली असती तर सहाच्या सहा वाकड्या झाल्या असत्या."

"मग कात्री तिच्या पिशवीत कशी?"

"त्याचाच मी विचार करतेय. कुणाला अडकवायचं असतं तर कात्री बाकावर उघडी टाकली असती, सगळ्यांना दिसेल अशी. ही तर जिथली तिथे ठेवलेली होती. उसनी घेतलेली वस्तू माणूस ठेवतं तशी."

तेवढ्यात माझा फोन वाजला. समितीचे अध्यक्ष होते. सुरक्षावाल्या साहेबांना धीर धरवला नव्हता, त्यांनी परस्पर कळवलं होतं. सराव संपेपर्यंत माझा लेखी अहवाल हवा, नाहीतर धाकटीला मैदानावर उतरू द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं.  सराव संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता.

५

आम्ही परत धाकटीकडे गेलो. मी तिला अध्यक्षांचं म्हणणं सांगितलं.  मला वाटलं होतं ती बंदीचं ऐकून कोसळेल. ती भलतंच बोलली.

"म्हणजे आमची अदलाबदल राहिली," ती म्हणाली.

आत्यांनी कान टवकारले. "कसली अदलाबदल?"

"अंतिम सामन्याच्या सकाळी सरावात आम्ही रॅकेट बदलतो. थोडे फटके ती माझ्या रॅकेटने मारते, मी तिच्या. पहिल्यांदा जिंकलो तेव्हा चुकून झालं होतं, तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही. ते केल्याशिवाय मी मैदानावर पाय ठेवत नाही. ताई हसते मला, पण करते." तिचे डोळे परत भरून आले. "आता सराव संपत आला आणि तिच्या रॅकेट तारवाल्याकडे पडल्यात."

"याच्या आधीची अदलाबदल कधी झाली?"

"उन्हाळ्याच्या सुरुवातीला. नंतर आम्ही अंतिम फेरी गाठलीच नाही. आजच."

आत्या उठल्या. त्यांचे गुडघे दुखत असल्याचं या वेळी कुणालाच ऐकू आलं नाही. "तू पण चल," त्या धाकटीला म्हणाल्या. "दाराबाहेर थांब, मी हाक मारीपर्यंत आत येऊ नकोस."

थोरली उपचाराच्या खोलीत टेबलाच्या कडेवर बसली होती. समोर पाण्याची बाटली होती, न उघडलेली. आत्यांनी दार अर्धवट लोटलं आणि स्टूल ओढून बसल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"तुझ्या हाताला काय झालंय?" आत्यांनी विचारलं.

थोरलीने उजवा हात मांडीखाली सरकवला.

"बरं, मग मीच बोलते. तारा कापून सामना थांबत नाही. मग काय थांबतं? सकाळचा सराव. तेवढा वेळ रॅकेट तुझ्या बॅगेत नसतात. सरावात असं काय होतं जे सामन्यात होत नाही? अदलाबदल. धाकटीच्या हातात तुझी रॅकेट जाते. आणि ती अदलाबदल कुणाला नको आहे? तुला. एकच रॅकेट शाबूत राहिली असती तरी ती तिच्या हातात गेली असती, म्हणून सहाही गेल्या. तिला एका फटक्यात कळलं असतं की तुझ्या तारा सैल आहेत. तारवाल्याने काही सांगितलं नाही, त्याच्यावर रागावू नकोस. पण त्याला तू शप्पथ घातलीस, आणि नेहमीच्या ताणाला कुणी शप्पथ घालत नाही. हातात जोर नसला की माणूस तारा सैल करून घेतो, कमी ताकदीत चेंडू लांब जातो. सकाळी तू कप दोन्ही हातांनी धरला होतास, असं हिने मला सांगितलं. ही काळजीत असली की सगळं सांगते."

थोरलीने बाटलीकडे पाहिलं.

"आणि आणखी एक," आत्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तारा कापलेल्या दिसल्या की चौकट वाकलीय का ते आधी बघायचं, हे तुला तारवाल्याच्याही आधी सुचायला हवं होतं. तू दुकानात वाढलीस. तू बॅगेत पाहिलंस आणि बसलीस. एकही रॅकेट डोळ्यासमोर धरली नाहीस. त्या सरळ आहेत हे तुला माहीत होतं, कारण कापताना तूच त्यांची काळजी घेतली होतीस."

 बाहेर मैदानावर कुणीतरी माइक तपासत होतं.

"कोपरात नस दबलीय," थोरली म्हणाली. "दोन बोटं बधिर असतात. मूठ घट्ट होत नाही. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम संपव आणि थांब. आज शेवटचाच सामना आहे माझा, आत्या. कुणाला सांगितलं नाही."

"आणि धाकटीला का नाही?"

"तिला कळलं असतं तर ती आज माझी नर्स होऊन खेळली असती. मला शेवटचा सामना जोडीदाराबरोबर खेळायचा होता." तिने डोळे मिटले. "मी ठरवलं होतं, ताण जमला नाही म्हणून मीच कापल्या असं सांगून गुपचूप तारवाल्याकडे पाठवीन. तशी सबब कुणीही देतं. कात्री जवळ होती ती घेतली, ठेवून दिली, इथे शेकायला आले. तेवढ्यात मावशी ओरडल्या, साहेब आले, आणि मी घाबरून 'माहीत नाही' म्हणून बसले. एकदा तसं म्हटल्यावर परत कसं फिरायचं कळेना. तिच्यावर आळ आला आणि मी मूग गिळून बसले. अकरा वर्षांत तिला कुणी बोट लावलं तर मी अंगावर गेलेय, आणि आज..."

"आत ये," आत्या म्हणाल्या.

दार उघडलं. धाकटी आत आली, सरळ टेबलापाशी गेली, पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि थोरलीच्या हातात दिली.

"तू उन्हाळ्यापासून झाकण दाताने उघडतेस," ती म्हणाली. "मी आंधळी आहे का?"

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. नाही सांगितलंस, मग मी आत सरकून उभी राहायला लागले. मधले चेंडू तुझ्या हाताला झटका देतात, म्हणून."

"म्हणून खात होतीस?"

"नाहीतर काय? मला ते आवडतात का? माझ्या उलट्या बाजूला येतात!"

थोरलीला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. "चांडाळणी, इतके महिने माझ्या वाटणीचं खेळलीस आणि मला वाटलं तू मला मोजत नाहीस."

"आणि तू मला दुसरी जोडीदार बघायला सांगितलंस!"

मी रुमाल शोधत होते. तो चषकापाशी राहिला होता. आत्यांनी मला आपला दिला आणि म्हणाल्या, "अहवालात लिही, तारा मालकिणीनेच कापल्या. स्वतःच्या तारा कापायला कुठल्याही नियमात बंदी नाही. आणि साहेबांना सांग, कात्री परत करा."

"आजचं मात्र ठरवून टाकू," थोरली धाकटीला म्हणाली. "आज मधला चेंडू माझा. दुखला हात तर दुखू दे. कबूल?"

धाकटी बाटलीचं झाकण बोटांत फिरवत राहिली.

६

रॅकेट बांधून आल्या तेव्हा सराव संपून गेला होता. पण मी संचालक आहे, मागचं छोटं मैदान मी पाच मिनिटं उघडून दिलं. धाकटीने थोरलीच्या रॅकेटने पहिला फटका मारला तो थेट कुंपणापलीकडे गेला. "ताई, ही रॅकेट आहे की मासे धरायचं जाळं?" ती ओरडली. दोघी पोट धरून हसल्या. मला मात्र काही हसू येईना. हा हात अख्खा सामना कसा टिकणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा घालवला. धाकटी आत सरकत होती, मग काहीतरी आठवल्यासारखी मागे होत होती. तिचा पाय पुढे जायचा आणि ती तो परत ओढायची. थोरलीने मधले काही चेंडू उत्तम मारले, काही जाळ्यात घातले. प्रत्येक फटक्यानंतर ती हात झटकत होती आणि माझा जीव खालीवर होत होता. उंचाडी नेहमीसारखी खेळत होती, म्हणजे तोफेसारखी.

शेवटी निर्णायक टायब्रेकमध्ये थोरली-धाकटीला सामना जिंकायला एक गुण हवा होता. उंचाडीने पाहिलं, विचार केला आणि चेंडू जिवाच्या आकांताने मारला, बरोब्बर दोघींच्या मधोमध.

धाकटी निघाली होती. तिची रॅकेट अर्धी वर आली होती. मग तिने ती खाली घेतली, बाजूला झाली आणि संपूर्ण मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई, तुझा!"

मी डोळे मिटून घेतले. मला बघवेना. ठक् असा एक विचित्र आवाज ऐकू आला, तारांचा नव्हे, त्याहून कोरडा. मग काहीच नाही. शेजारी आत्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं.

"चौकटीवर लागला," आत्या कुजबुजल्या. "मुठीत रॅकेट फिरली तिच्या."

"गेला?"

"वर गेला. येतोय खाली."

आणि मग लोक ओरडले. मी डोळे उघडले तेव्हा उंचाडी जाळ्यापाशी गुडघ्यांवर पडली होती, रॅकेट लांब फेकलेली, आणि चेंडू तिच्या पुढ्यात, जाळ्याला लगटून, हळूहळू थांबत होता. इतका वेडावाकडा, इतका मेलेला चेंडू अंतिम सामन्यात मी कधी पाहिला नाही. धाकटी थोरलीच्या गळ्यात पडायला धावत होती.

थोरलीने तिला हाताने थांबवलं. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि ती त्या गोंगाटात एक डोळा मिटून, रॅकेट चेहऱ्यासमोर आडवी धरून, चौकटीच्या कडेवरून बघत होती.

"सरळ आहे का?" धाकटीने विचारलं.

"सरळ आहे," थोरली म्हणाली, आणि तिने ती रॅकेट धाकटीच्या हातात दिली.